‘भस्म्या’ म्हणण्याआधी: भुकेच्या केंद्राच्या शोधाचा इतिहास

मराठीत कुणी ताटावरून लवकर उठला नाही, तर आजूबाजूचे सहज बोलून जातात, ‘याला भस्म्या झालाय.’ हा शब्द कुठून आला, याचा विचार सहसा कुणी करत नाही. आयुर्वेदात ‘भस्मक’ किंवा ‘अत्यग्नी’ नावाचा विकार सांगितला आहे. जठराग्नी इतका भडकतो की खाल्लेले सगळे जळून भस्म होते आणि माणूस पुन्हा भुकेलाच राहतो, अशी त्यामागची कल्पना. वैद्य त्यावर जड, स्निग्ध आहार आणि औषधे सुचवीत. म्हणजे मुळात हे एका रोगाचे नाव होते. कालांतराने रोग विस्मरणात गेला आणि टोमणा तेवढा उरला.

युनानी वैद्यकातही हेच दिसते. हकिमांच्या ग्रंथांत न भागणाऱ्या भुकेला ‘शहवत-ए-कलबी’, म्हणजे कुत्र्याची भूक, आणि ‘जू-उल-बकर’, म्हणजे बैलाची भूक, अशी नावे आहेत. दोन्हींत हकीम बारीक फरक करीत. इब्न सिना यांच्या ‘अल-कानून’मध्ये अशा विकारांची चर्चा पोटाच्या आजारांत येते. त्यांना ती जागा पोटात वाटली, हे त्या काळाला धरून होते. पण त्यांनी अशा माणसाला रुग्ण मानले, ही गोष्ट माझ्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

याच्या जोडीला दुसरी एक परंपरा चालत आली. ती नीतीची होती. इमाम गझाली यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये पोटाची आणि देहाची अशा दोन वासना मोडण्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. ख्रिस्ती परंपरेने खादाडपणाला सात महापापांत बसवले. आपल्याकडे संतांनी जिभेचे चोचले पुरवणाऱ्यांना फटकारले. यात चूक काहीच नाही. भरल्या पोटी आणखी घास घेणाऱ्याला आवर घालायला सांगणे हे धर्माचे आणि नीतीचे कामच आहे. पण समाजाने या दोन परंपरांपैकी दुसरी तेवढी लक्षात ठेवली. जाड माणूस म्हणजे नफ्सचा गुलाम, आणि जाड मूल म्हणजे आईबापांनी बिघडवलेले, असे समीकरण बसून गेले.

या समीकरणाला तडा देणारा एक इतिहास आहे. तो युरोपातल्या शवागारांत सुरू होतो, अमेरिकेतल्या प्रयोगशाळांतून दिल्लीपर्यंत येतो आणि इंग्लंडमधल्या एका पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबापाशी नव्या वळणावर पोहोचतो. मेंदूच्या तळाशी असलेला बदामाएवढा एक भाग दुखावला, तर माणसाची भूक आणि वजन त्याच्या हाती राहत नाही, हे कळायला वैद्यकाला शंभरहून अधिक वर्षे लागली. आजही ते आपल्या बोलण्यात उतरलेले नाही. म्हणून हा इतिहास मराठीत सांगावासा वाटतो.

व्हिएन्नातला मुलगा

१८४० साली जर्मनीतल्या वुर्झबुर्ग शहरात बर्नहार्ड मोर या डॉक्टरांनी एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. मृत्यूपूर्वीच्या काळात ती झपाट्याने लठ्ठ झाली होती. शवविच्छेदन केले तेव्हा तिच्या मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीच्या जागी मोठी गाठ सापडली. ती गाठ वरच्या मेंदूवर दाब देत होती. लठ्ठपणा आणि मेंदूतली गाठ यांचा एकत्र उल्लेख असलेल्या सर्वांत जुन्या नोंदींत ही नोंद धरली जाते. मात्र त्या वेळी तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

साठ वर्षांनी, १९०० मध्ये, पॅरिसमध्ये जोसेफ बाबिन्स्की यांनी अशाच एका मुलीची नोंद केली. तिचे वजन वाढलेले होते आणि वयात येण्याची लक्षणे दिसत नव्हती. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात आल्फ्रेड फ्रोलिश या तिशीतल्या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत मांडली. डोके दुखणे, उलट्या, नजर जाणे आणि भराभर वाढणारे वजन अशी त्याची लक्षणे होती. फ्रोलिश यांनी निदान केले की मुलाच्या पीयूषिका ग्रंथीत गाठ असावी. १९०७ मध्ये व्हिएन्नाचे शल्यविशारद आंटोन फॉन आयझेल्सबर्ग यांनी नाकाच्या मार्गाने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. तिथे द्रव भरलेली गाठ निघाली आणि रुग्ण वाचला. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती आणि प्रतिजैविके तर अजून यायची होती, हे लक्षात घेतले तर या घटनेचे मोल कळते.

नजर आणि वजन यांचा काय संबंध, असा प्रश्न वाचकाला पडेल. उत्तर शरीररचनेत आहे. दोन्ही डोळ्यांच्या मागून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच खाली पीयूषिका ग्रंथी लोंबते आणि लगेच वर हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग असतो. त्याचे वजन जेमतेम चार ग्रॅम. शरीराचे तापमान, तहान, झोप, भूक, वयात येणे अशी अनेक कामे त्याच्याकडे असतात. इतक्या दाटीच्या जागी गाठ वाढली की ती एकाच वेळी नजर, वाढ आणि भूक या तिन्हींवर घाव घालते.

फ्रोलिश यांच्या वर्णनामुळे या लक्षणसमूहाला त्यांचेच नाव पडले. सगळा दोष पीयूषिका ग्रंथीवर आला. ग्रंथी बिघडली म्हणून चरबी वाढली, असे सरळ गणित मांडले गेले.

दोष ग्रंथीचा की शेजाऱ्याचा?

हे गणित पहिल्यांदा ज्यांना खटकले ते व्हिएन्नातलेच होते. याकोब एर्डहाइम हे विकृतिशास्त्रज्ञ मेंदूच्या तळाशी होणाऱ्या गाठींचा बारकाईने अभ्यास करत होते. १९०४ मध्ये त्यांनी दाखवून दिले की या गाठी पीयूषिकेच्या मूळ पेशींपेक्षा वेगळ्या, गर्भावस्थेतल्या उरलेल्या पेशींतून निर्माण होतात. आज त्यांना क्रॅनियोफॅरिंजिओमा म्हणतात. एर्डहाइम यांचे दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे होते. काही लठ्ठ रुग्णांत पीयूषिका शाबूत होती आणि इजा तिच्या वरच्या मेंदूला झाली होती. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूवर आळ आला होता, पण गडबड वरच्या मजल्यावर होती.

१९१२ मध्ये बर्नहार्ड आश्नर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यांनी वरच्या मेंदूला धक्का न लावता पीयूषिका काढली. कुत्र्यांची वाढ खुंटली, पण ती लठ्ठ झाली नाहीत. एवढा पुरावा पुरेसा असायला हवा होता. पण अमेरिकेतले हार्वे कुशिंग यांच्यासारखे मोठे शल्यविशारद ग्रंथीच्या बाजूने होते आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. वाद पुढे तब्बल पंचवीस-तीस वर्षे चालला. विज्ञानातही मोठ्या नावापुढे लहान पुरावा मान खाली घालून उभा राहतो, हे यातून दिसते. फरक इतकाच की तिथे तो पुरावा कायमचा गाडला जात नाही.

दरम्यान, फ्रोलिश यांच्या नावाचे हाल झाले. १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेत आणि युरोपात कुठलेही गुबगुबीत मूल दिसले की डॉक्टर त्याला ‘फ्रोलिश’ म्हणून मोकळे होत. न्यू यॉर्कमध्ये बालरोगतज्ज्ञ हिल्डे ब्रूख यांनी शेकडो लठ्ठ मुलांना नीट तपासले. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या त्या ज्यू डॉक्टर होत्या. १९३९ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतून दिसले की यातली बहुतेक मुले उंचीने बरोबरीच्या मुलांपेक्षा मोठी होती आणि वेळेवर किंवा लवकर वयात येत होती. फ्रोलिश यांच्या रुग्णाशी त्यांचे साम्य नव्हते. ब्रूख यांनी मग लक्ष कुटुंबाकडे वळवले. मुलाच्या लठ्ठपणामागे घरातले ताण, विशेषतः आईचे वागणे आहे, असा विचार पुढे रुजला.

एका चुकीच्या टोकावरून गाडी दुसऱ्या टोकाला गेली. आधी सगळा दोष ग्रंथीचा होता, आता सगळा दोष आईचा झाला. मुलाच्या मेंदूत खरोखर काही बिघडले असेल का, हा प्रश्न दोन्ही वेळा बाजूलाच राहिला.

ज्यांच्या नावाने हा विकार ओळखला गेला, त्या फ्रोलिश यांच्या वाट्यालाही निर्वासिताचे जिणे आले. तेही ज्यू होते. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांना आयुष्यभराचे काम मागे टाकून देश सोडावा लागला. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात त्यांनी पुन्हा संशोधन सुरू केले आणि तिथेच १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. व्हिएन्नाचे वैद्यक ज्यांनी जगात नावारूपाला आणले, त्यांतल्या कितीतरी जणांना त्या शहराने धर्म पाहून हाकलले. अल्पसंख्याक म्हणून जगणाऱ्या कुणालाही हा तपशील वाचून पुढे जाता येत नाही.

उंदीर, सुई आणि लाहोरचा एक डॉक्टर

वादाचा निकाल लावायला मेंदूच्या आत अचूक ठिकाणी पोहोचणे गरजेचे होते. १९०८ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सली आणि रॉबर्ट क्लार्क यांनी त्यासाठी एक चौकट बनवली होती. प्राण्याचे डोके तीत घट्ट बसवायचे आणि तीन दिशांच्या मापांनी सुई हव्या त्या बिंदूवर न्यायची, असे ते उपकरण होते. अनेक वर्षे ते जवळपास पडून राहिले. शिकागोत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात स्टीफन रॅन्सन यांनी त्याचा पुन्हा वापर सुरू केला. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या अल्बर्ट हेदरिंग्टन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या मधल्या-खालच्या भागात, दोन्ही बाजूंना, विजेच्या प्रवाहाने बारीक ठिपके जाळले. पीयूषिकेला हात लावला नाही. उंदीर प्रचंड लठ्ठ झाले. १९४० मध्ये दोघांचा निबंध आला आणि एर्डहाइम यांचे म्हणणे खरे ठरले. ते ऐकायला एर्डहाइम हयात नव्हते. १९३७ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

हे उंदीर लठ्ठ का होतात, हे येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये दाखवले. इजा झाल्यावर उंदीर अक्षरशः अन्नावर तुटून पडत. काही तर भूल पुरती उतरण्याआधीच खाऊ लागत. पोटभर झाल्याची खूण त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. पुढच्या काळातल्या प्रयोगांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. अशा उंदराला निरोगी उंदराएवढेच मोजून अन्न दिले, तरी त्याच्या अंगावर चरबी जास्त साठते. म्हणजे भूक वाढते हा अर्धाच भाग आहे. शरीर मिळालेले अन्न खर्च न करता साठवू लागते, हा दुसरा भाग. ‘कमी खा, बारीक होशील’ हा सल्ला इथे अर्धवट का ठरतो, ते यावरून समजते.

याच येलमध्ये एक भारतीय डॉक्टर रॉकफेलर शिष्यवृत्तीवर दाखल झाले. बाळकृष्ण आनंद त्यांचे नाव. १९१७ मध्ये लाहोरमध्ये जन्मलेले, लखनौमध्ये वैद्यक शिकलेले आणि दिल्लीत शिकवणारे. १९५१ मध्ये ब्रोबेक यांच्यासोबत त्यांनी हायपोथॅलॅमसच्या बाहेरच्या बाजूला अगदी छोटी इजा केली. परिणाम नेमका उलटा झाला. समोर अन्न असूनही उंदीर खाईनात. तसेच ठेवले तर उपासमारीने मरत. आनंद आणि ब्रोबेक यांनी या जागेला ‘भोजन केंद्र’ म्हटले. आतल्या बाजूला तृप्तीची जागा आणि बाहेरच्या बाजूला भुकेची, असे चित्र जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

आनंद भारतात परतले आणि दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये शरीरक्रियाशास्त्र विभागाचे संस्थापक प्राध्यापक झाले. तिथे छिना आणि बलदेव सिंग या सहकाऱ्यांसोबत त्यांनी या केंद्रांतल्या विद्युत हालचाली मोजल्या. रक्तात ग्लुकोज सोडले की तृप्तीच्या जागेतील हालचाल वाढते आणि भुकेच्या जागेतील कमी होते, असे त्यांना आढळले. १९६२ मध्ये ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकात हे काम छापून आले. फाळणीनंतर पंधरा वर्षांत, नव्याने उभ्या राहिलेल्या संस्थेतून, लाहोरमध्ये जन्मलेल्या माणसाने जगाच्या ज्ञानात ही भर घातली. आपल्या शालेय पुस्तकांत हे नाव मला कधी भेटले नाही, याची खंत वाटते.

नंतरच्या संशोधनाने ‘एक केंद्र भुकेचे, एक तृप्तीचे’ ही मांडणी फारच सोपी होती, हे दाखवले. त्या जागेतून जाणाऱ्या मज्जातंतूंचाही त्यात वाटा होता आणि भूक ही अनेक पेशीसमूहांच्या संवादातून घडते. पण मूळ मुद्दा टिकला. भुकेचा हिशेब मेंदू ठेवतो.

रक्तातला निरोप

मग मेंदूला कळते कसे, की अंगावर चरबी किती आहे? १९५३ मध्ये केंब्रिजचे गॉर्डन केनेडी यांनी कल्पना मांडली की चरबीतूनच काही निरोप निघत असावा. १९५९ मध्ये हर्वी यांनी तिची परीक्षा घेतली. दोन उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले, म्हणजे थोडे थोडे रक्त एकाचे दुसऱ्याकडे जाईल. मग एकाच्याच हायपोथॅलॅमसला इजा केली. तो उंदीर खात सुटला आणि लठ्ठ झाला. त्याचा जोडीदार मात्र खाणे सोडून वाळत गेला. लठ्ठ उंदराच्या चरबीतून ‘आता पुरे’ असा निरोप भरपूर येत होता. निरोगी मेंदूच्या जोडीदाराने तो ऐकला आणि खाणे थांबवले. ज्याच्या चरबीतून निरोप निघत होता, त्यालाच तो ऐकू येत नव्हता.

अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी जन्मतः लठ्ठ असणाऱ्या उंदरांवर असेच जोडीचे प्रयोग केले. १९७३ पर्यंत त्यांची खात्री झाली की एका जातीच्या उंदरांत निरोपच तयार होत नाही आणि दुसरीत तो ऐकणारे कान नाहीत. तो निरोप म्हणजे काय, हे १९९४ मध्ये न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधले. ‘बारीक’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्या संप्रेरकाला ‘लेप्टिन’ नाव दिले गेले.

आता व्हिएन्नातल्या त्या मुलाची गोष्ट पूर्ण समजते. त्याच्या अंगातली चरबी निरोप धाडत राहिली असणार. पत्रे येत होती, पण ती वाचणारा भाग गाठीने दाबला गेला होता. मेंदूचा समज असा होतो की शरीर उपाशी आहे. मग तो भूक वाढवतो, हालचाल मंदावतो आणि मिळेल तो कण साठवायला सांगतो. बाहेरून आपल्याला खादाड आणि आळशी मूल दिसते. आतून ते मूल दुष्काळात जगत असते.

इंग्लंडमधले एक कुटुंब

१९९७ मध्ये केंब्रिजच्या सदफ फारूकी, स्टीफन ओराहिली आणि सहकाऱ्यांनी दोन चुलत भावंडांची हकीकत प्रसिद्ध केली. कुटुंब पाकिस्तानी वंशाचे होते आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या नात्यात लग्ने होत आली होती. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते. दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो. दोघांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हते. मेंदूचा तो भाग शाबूत होता, पण त्याच्यापर्यंत निरोप येत नव्हता. त्या मुलीला नवव्या वर्षी लेप्टिनची रोजची इंजेक्शने सुरू झाली तेव्हा तिचे वजन ९४ किलो होते. वर्षभरात ते सुमारे १६ किलोंनी उतरले. भूक आटोक्यात आली आणि ती इतर मुलांसारखी जेवू लागली. तिला कुणी नवा संयम शिकवला नव्हता. एक हरवलेले संप्रेरक परत मिळाले होते.

पुढे लाहोरमधल्या संशोधकांनी युरोपातल्या सहकाऱ्यांसोबत पाकिस्तानातल्या नात्यात लग्न झालेल्या कुटुंबांतील अतिलठ्ठ मुले तपासली. सुमारे ३० टक्के मुलांत एकाच जनुकातला बिघाड कारण असल्याचे दिसले. हा मुद्दा आपल्या समाजाने शांतपणे ऐकण्यासारखा आहे. आपल्यात चुलत-मावस भावंडांत, तर महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू जातींत मामाच्या मुलीशी लग्न होते. लपलेला बिघाड आईकडून आणि वडिलांकडून असा दोन्हीकडून आला तरच असे आजार दिसतात, आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. यात कुणाच्या धर्माला नावे ठेवण्यासारखे काही नाही. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराने पुढची सोयरीक जुळवताना डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, इतकेच.

केंब्रिजच्या याच गटाने २०१० च्या सुमारास आणखी काही लठ्ठ मुलांत एका गुणसूत्राचा तुकडा गळालेला असल्याचे दाखवले. त्यांतल्या काही मुलांची नावे ब्रिटनच्या समाजसेवा यंत्रणेने ‘धोक्यातील मुले’ म्हणून नोंदवली होती. आईबाप मुद्दाम जास्त भरवतात, असा संशय होता. निदान झाल्यावर ती नावे काढली गेली. एका रक्ततपासणीने आईवरचा आरोप पुसला.

आपल्या गल्लीत

मेंदूच्या या भागाला इजा अनेक कारणांनी होते. क्रॅनियोफॅरिंजिओमा ही दुर्मिळ गाठ आहे. दर दहा लाख लोकांत वर्षाला एक-दोन जणांना ती होते. पण त्यातून वाचलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना पुढे असा लठ्ठपणा येतो, आणि वजन सर्वांत वेगाने वाढते ते शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा महिने ते वर्षभरात. याशिवाय डोक्याला जबर मार, रेडिएशन, मेंदूज्वर, आणि आपल्याकडे न विसरण्यासारखे कारण म्हणजे क्षयाचा मेंदूज्वर, हेही हायपोथॅलॅमसला दुखावू शकतात.

माझ्या ओळखीच्या एका घरात असा मुलगा आहे. गाठ निघाली, जीव वाचला, मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली. आठ-नऊ महिन्यांनी त्याच मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली. फुपी म्हणाली, आजारपणात लाड फार झाले. शाळेत त्याला नाव पडले. त्याची अम्मी स्वयंपाकघराला कुलूप लावू लागली आणि रात्री मुलगा त्या कुलपापाशी बसून रडू लागला. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी सगळे धोके सांगितले होते, हा धोका सोडून. तो सांगितला असता तर वजन कदाचित तरीही वाढले असते. पण त्या आईने वर्षभर स्वतःला गुन्हेगार मानले नसते.

अशा रुग्णांच्या घरी रमजानचा प्रश्नही येतो. रोजा आपल्याला भुकेची ओळख करून देतो, पण त्या भुकेला मगरीबची वेळ असते. अजान होते, खजूर तोंडात पडतो आणि थोड्या वेळात पोट भरल्याचे समाधान येते. ज्याच्या मेंदूत ते समाधान पोहोचतच नाही, त्याची इफ्तार कधी होतच नाही. आणि एक वैद्यकीय बाब आहे. या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना कॉर्टिसोल, थायरॉइड आणि लघवीवर ताबा ठेवणारे संप्रेरक गोळ्यांतून किंवा फवाऱ्यातून घ्यावे लागते. त्यांच्यासाठी दिवसभर पाणी आणि औषध बंद ठेवणे जिवावर बेतू शकते. कुरआनने आजाऱ्याला रोज्यातून सवलत दिली आहे. ‘जाडच तर आहे, रोजे ठेवले तर बरेच होईल,’ असे म्हणणाऱ्यांनी ही सवलत त्याच्याकडून हिरावून घेऊ नये. डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा.

उपचारांत आता हालचाल आहे. शल्यविशारद गाठ पूर्ण खरवडण्याच्या हट्टापेक्षा हायपोथॅलॅमस वाचवण्याला महत्त्व देऊ लागले आहेत. थोडी गाठ ठेवून तिला रेडिएशन देण्याचा मार्ग अनेक ठिकाणी स्वीकारला जातो. वजन कमी करणारी नेहमीची औषधे आणि शस्त्रक्रिया यांचे परिणाम या रुग्णांत संमिश्र आहेत. लेप्टिनच्या पुढची साखळी थेट चालू करणारे सेटमेलॅनोटाइड हे औषध जनुकीय कारणांच्या काही लठ्ठ रुग्णांसाठी अमेरिकेत २०२० पासून मान्य आहे. मेंदूच्या इजेमुळे लठ्ठ झालेल्या १२० रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे निकाल २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते आशादायक आहेत. सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्यात हे औषध केव्हा येईल, हा वेगळा लढा आहे.

एक खुलासा करायला हवा. बहुतेकांच्या लठ्ठपणामागे अशी इजा नसते. त्यात खाणे, बसणे, झोप, गरिबी, बाजार आणि आनुवंशिकता यांचा मिळून वाटा असतो. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवण्याची पैगंबरांची शिकवण बहुतेकांसाठी आजही तितकीच उपयोगी आहे. पण मुलाचे वजन अचानक आणि वेगाने वाढू लागले, सोबत डोकेदुखी, उलट्या, नजर कमी होणे, उंची थांबणे किंवा सतत तहान आणि लघवी असेल, तर आधी डॉक्टर गाठावा आणि मेंदूची तपासणी करावी का, ते विचारावे. अशा वेळी टोमणे मारण्यात गेलेले महिने त्या मुलाच्या डोळ्यांची किंमत मागू शकतात.

हकिमांनी जागा चुकीची सांगितली, पण माणसाला रुग्ण म्हटले. एर्डहाइमपासून आनंदपर्यंतच्या लोकांनी ती जागा शोधून दिली. आता आपल्या वाट्याला आलेले काम त्या मानाने फार सोपे आहे. दावतीत, वर्गात, नातेवाइकांच्या बैठकीत एखाद्या मुलाच्या ताटाकडे पाहून ओठांवर येणारा तो शब्द मागे घ्यायचा, आणि त्याच्या आईला विचारायचे, ‘याची तब्येत कशी आहे?’